आगोट

वैशाख अर्धाअधिक सरतो, आढीतले शेवटचे आंबे संपत येतात, सुट्टीस आलेल्या मुंबईकर मंडळींच्या ट्रंका बांधून ओटीवर येऊन बसतात, आणि अशा दिवसांत दक्षिण कोकणातील कोणत्याही वाडीत सकाळच्या प्रहरी एक ठरावीक नाद कानी येऊ लागतो. भाजलेल्या मातीवर भाजलेली माती टेकल्याचा, किंचित पोकळ व किंचित खणखणीत असा तो नाद एका घराच्या माथ्यावरून उठतो, थांबतो, पुन्हा उठतो. आणि तो ऐकून शेजारचा गृहस्थ आपल्याही छपराकडे एकवार नजर टाकतो, कारण शाकारणीचे जाणते गडी गावात दोनचारच असतात व मृग नक्षत्र कोणाची वाट पाहत नाही.

पावसाळा लागण्याच्या या संधिकाळास कोकणात आगोट म्हणतात. आगोटीची खरेदी, आगोटीची लाकडे, आगोटीपूर्वीची कामे असा हा शब्द महिनाभर प्रत्येकाच्या तोंडी असतो. लडाखातील माणूस बर्फ पडण्यापूर्वी गवत आणि जळण आपल्या सपाट धाब्यावर रचून ठेवतो, काश्मिरातील गृहिणी भोपळ्याच्या व वांग्याच्या फोडी उन्हात सुकवून त्यांच्या माळा टांगते, त्याच जातीचा हा उद्योग आहे. तेथे घर थंडीसाठी सज्ज करावयाचे, येथे पाण्यासाठी. आमच्याकडचा हिवाळा म्हणजे पहाटेची एक घोंगडी आणि अंगणातली शेकोटी. घराची खरी कसोटी पाहणारा ऋतू पश्चिम किनाऱ्यावर पावसाळा हाच, आणि हिवाळ्याची तयारी या विषयावर कोकणातल्या माणसास लिहावयास सांगितले तर त्याची लेखणी आपोआप आगोटीकडेच वळेल.

पंचांगाप्रमाणे सूर्य २५ मेच्या सुमारास रोहिणी नक्षत्रात जातो आणि ७ किंवा ८ जूनला मृगात. जुनी माणसे रोहिणीत हात आवरता घेत आणि मृगापूर्वी शिडी खाली उतरलीच पाहिजे असा दंडक पाळीत. आजच्या हवामान खात्याच्या हिशेबानेही मोसमी वारे केरळात १ जूनच्या सुमारास पोहोचतात व तेथून कोकण चढावयास त्यांस आठवडा ते दहा दिवस लागतात, तेव्हा पंचांग व वेधशाळा यांचा मेळ या बाबतीत चांगलाच बसतो असे म्हणावयास हरकत नाही.

येणारे पाणी किती, हे एकदा आकड्यांत मांडून पाहिले पाहिजे. रत्नागिरीस वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि त्यातील बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. शंभर चौरस मीटर छपराचे मध्यम प्रतीचे घर घेतले, तर त्या एका छपरावर एका पावसाळ्यात तीन लाख लिटर पाणी उतरते. दहा हजार लिटरच्या टँकरांत मोजू गेल्यास तीस टँकर. हे पाणी सरळ वरून पडत असते तोवर त्याची फारशी धास्ती नसते. नैर्ऋत्येचा वारा जेव्हा त्यास आडवे करतो, वळचणीखाली ढकलतो, खिडकीच्या फटीत आणि कौलांच्या सांध्यांत घालतो, तेव्हा घराची परीक्षा सुरू होते. याखेरीज पाण्याचे एक रूप असे आहे की ते डोळ्यांस दिसतच नाही: हवेत भरून राहिलेली ओल. पाऊस न लागलेल्या खोलीतील पेटीत ठेवलेल्या शालजोडीवर जी बुरशी येते, ती या अदृश्य पाण्याची करणी असते.

एवढ्या पाण्याशी झुंज घेऊन कोणतेही घर टिकत नाही. जुन्या कोकणी घरांची रचना आणि आगोटीची कामे बारकाईने पाहत गेले, तर त्या सर्वांच्या बुडाशी दोन साधे विचार सापडतात: पाण्याला वाट असावी आणि ओलीला वारा मिळावा. वाट मोकळी असली की पाणी घराचे काही बिघडवीत नाही. ते फक्त अडते तेथे घातक होते. पुढील सगळा मजकूर या दोन सूत्रांचाच विस्तार आहे.

आरंभ अर्थातच छपरापासून. मंगळोरी कौले येण्यापूर्वी, आणि गरिबाघरी त्यानंतरही कैक वर्षे, घरांवर नळे असत. कुंभार चाकावर निमुळती नळी काढी, ती ओली असतानाच उभी चिरून तिचे दोन भाग करी, आणि सुकल्यावर भट्टीत भाजी. छपरावर नळ्यांची एक ओळ उताणी मांडावयाची व दोन उताण्या ओळींच्या सांध्यावर एक ओळ पालथी घालावयाची, जेणेकरून पालथ्या नळ्यावर पडलेले पाणी बाजूच्या उताण्या नळ्यात यावे आणि तेथून पन्हळीतून गेल्यासारखे वळचणीस उतरावे. या रचनेत खिळा नाही, तार नाही, गिलावा नाही. स्वतःच्या वजनावर आणि शेजाऱ्याच्या आधारावर प्रत्येक नळा बसलेला असतो. म्हणून वानरांची एक टोळी छपरावरून गेली, एखादा नारळ पडला, रात्री मांजर उंदरामागे धावले, की ओळ सरकलीच. वर्षातून एकदा नळे उतरवून, झाडून, फुटके वगळून ते नव्याने रचणे, याला शाकारणी म्हणतात, आणि नळ्यांच्या घराला तिच्यावाचून गत्यंतर नसे.

मंगळोरी कौलाने या कष्टांत पुष्कळ सवलत केली. बासेल मिशनच्या गेओर्ग प्लेब्स्ट नामक जर्मन गृहस्थाने १८६५ साली मंगळूर येथील जेप्पू भागात कौलांचा कारखाना काढला, आणि नेत्रावती नदीच्या काठची चिकणमाती यंत्रात दाबून तयार झालेली ती तांबडी, चपटी, खाचेची कौले किनाऱ्याकिनाऱ्याने साऱ्या कोकणात पसरली. खाचांत अडकणाऱ्या कौलांची कल्पना मुळात फ्रान्सच्या आल्सास प्रांतातील जिलार्दोनी बंधूंची, १८४१ सालची. परंतु ती आपल्या पावसास इतकी मानवली की आज कोकणचे चित्र काढणारा चित्रकार या कौलांवाचून घर काढीतच नाही. या कौलाच्या एका कडेस खाच असते व दुसऱ्या कडेस तीत बसणारी धार. पाठीमागे एक दात असतो, तो रिपेवर अडकतो व कौल घसरू देत नाही. शंभर चौरस फूट पाख्यास सुमारे दीडशे कौले लागतात, आणि एकेक कौल दोन किलोहून जड असल्याने तेवढ्याच जागेचा भार तीनशे किलोंच्या पुढे जातो. भर पावसात कौल पाणी पिते, तेव्हा तो आणखी वाढतो. म्हणून शाकारणीचा अनुभवी गडी शिडी लावण्यापूर्वी घरात येऊन वाशांवर बोटांच्या पेरांनी टकटक करून पाहतो. भरीव आवाज आला तर ठीक; वाळवीने आतून पोखरलेला वासा बाहेरून धडधाकट दिसतो, पण आवाजात फसवीत नाही.

पुष्कळांची अशी समजूत असते की कौल फुटले तरच घर गळते. वस्तुतः गळतीच्या कित्येक जागी कौल शाबूत असते. वर्षभराची धूळ, आंब्याचा मोहर, पिकली पाने आणि मागील पावसाळ्याचे शेवाळ ही सारी कौलाच्या खाचेत साचतात, त्यांचा एक बांध तयार होतो, आणि खाचेतून खाली जावयाचे पाणी त्या बांधावर अडून बाजूच्या धारेवरून आत उतरते. अशा वेळी कौल बदलून काहीच साधत नाही. काथ्याच्या कुंच्याने खाच साफ केली म्हणजे पुरते. तसेच आढे मधोमध खचले की पाख्याचा उतार मंदावतो, पाणी रेंगाळते, आणि समोरून वारा आला म्हणजे ते खालच्या कौलावरून वरच्या कौलाखाली मागे सरकते. यासाठी पाख्यास उतार भरपूर ठेवण्याची पद्धत आहे. आढ्यावरचे कोने चुन्यात किंवा सिमेंटात बसविलेले असतात. त्यांच्या सांध्यास उन्हाने बारीक चिरा पडतात, त्या दरसाल भराव्या लागतात.

माझ्या आठवणीतली शाकारणी देवगडकडच्या आजोळच्या घरातली आहे. कौले उतरवून, झाडून पुन्हा चढली, की मामा भर दुपारी बाराच्या सुमारास माजघराची सगळी दारे-खिडक्या लावून घेत आणि आम्हां मुलांना आत पाठवीत. डोळे अंधारास सरावले, की वर कौलांच्या काळोखात एखादी चांदणी लुकलुकावी तसा उजेडाचा बारीक बिंदू दिसू लागे, आणि त्याच्या रेषेत खाली, ताज्या सारवलेल्या जमिनीवर, पैशाएवढा गोल कवडसा पडलेला असे. आमच्यातला जो प्रथम पाही तो ओरडे, "आजोबांनू, हंय उजेड दिसता!" वरून, कौलांच्या पलीकडून, शाकारणाऱ्या म्हाताऱ्या गड्याचा आवाज येई, "खंय रे? काठयेन दाखय." मग बांबूची लांब काठी घेऊन तिच्या टोकाने ते कौल खालून हळूच ठोकावयाचे, वर पायाची सावध चाहूल जवळ येई, कौल किंचित हले, दात रिपेवर बसल्याचा खट असा आवाज होई, आणि जमिनीवरचा तो कवडसा पाहता पाहता विझून जाई. एका दुपारी असे सतरा कवडसे विझविल्याचे मला पक्के स्मरते.

त्या म्हाताऱ्याचे चालणे आजही डोळ्यांसमोर आहे. गोणपाटाचा तुकडा गुडघ्याखाली घेऊन तो बसत्या अंगाने सरके, आणि पाऊल नेहमी कौलाच्या खालच्या कडेशी, जेथे दोन कौले एकावर एक येतात व खाली रीप असते, तेथेच टेकी. कौलाच्या मध्यावर भार दिला तर ते दुभंगते. त्याने आम्हांस एक गोष्ट शिकविली होती, ती अशी की घरात जेथे थेंब पडतो तेथे गळती शोधू नये. आत शिरलेले पाणी रिपेच्या अथवा वाशाच्या अंगाने उतारावरून वाहत येते आणि जेथे गाठ किंवा खिळा भेटेल तेथे टपकते. म्हणून थेंबापासून पाख्याच्या चढाच्या दिशेने वर वर पाहत जावे, ओला डाग जेथे संपतो तेथे चोर सापडतो. पुढे सिमेंटच्या इमारतींतही हा नियम मी पुष्कळदा पडताळून पाहिला आहे.

छप्पर झाले म्हणजे भिंतींची पाळी. कोकणातील भिंती जांभ्याच्या चिऱ्यांच्या. फ्रान्सिस ब्युकॅननने १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तांतात मलबारातील या दगडास विटेच्या लॅटिन नावावरून लॅटराइट असे नाव दिले, कारण खाणीत तो सुरीने कापावा इतका मऊ असतो आणि हवा लागली की विटेसारखा कठीण होतो. परंतु त्याच्या अंगी असंख्य छिद्रे असतात आणि पाणी तो आवडीने पितो. जुन्या कारागिरांनी यावर तोड काढली ती अशी, की पाणी भिंतीपर्यंत येऊच नये: वळचण हातभर पुढे काढलेली, जोते उंच, चारही अंगांस पडव्या, आणि पागोळ्या जेथे पडतात तेथे चिऱ्यांची एक रांग, म्हणजे माती उडून भिंत भिजू नये. नैर्ऋत्येकडच्या अंगास मात्र एवढ्याने भागत नाही. तेथे झाप बांधावे लागतात.

हे झाप विणण्याचे काम बायकांचे, आणि आगोटीच्या कामांत ते मला सर्वांत मनोहर वाटते. नारळीच्या झावळ्या मधल्या दांड्यावर उभ्या चिरून दोन करावयाच्या व कित्येक दिवस पाण्याच्या डबक्यात दगडांखाली दाबून ठेवावयाच्या. भिजल्याने पात लवचिक होते, आणि पाण्यात मुरलेली झावळी कोरडीपेक्षा अधिक काळ टिकते. डबक्यातून त्या उपसल्या म्हणजे खळ्यात सर्वत्र एक कुजकट, गोडसर वास भरून राहतो. मग दोघी-तिघी जणी उकिडव्या बसून एक पात वर, एक खाली अशी विणीत जातात; बोटे चालत असतात आणि बोलणे भलत्याच विषयावर. एका झापाच्या अंगावरून पाणी थेंब न थांबता निसटते, आणि त्याच्या विणीतून वारा मात्र आत येत राहतो, त्यामुळे मागची भिंत कोरडी होत असते. प्लॅस्टिकचा निळा कागद आज सर्वत्र झापाच्या जागी आला आहे. तो पाऊस अडवितो हे खरे. पण वाराही अडवितो, आणि त्याच्या आड भिंतीला चार महिने घाम फुटलेला असतो.

घराभोवतीची कामे थोडक्यात सांगण्यासारखी आहेत. खळ्यातला माटव, म्हणजे मांडव, उतरवावयाचा, त्याच्या झावळ्या जळणास लावावयाच्या. छपरावर आलेल्या फांद्या तोडावयाच्या, माथ्यावर लोंबणारे सुके नारळ व झावळ्या पाडेकऱ्याकडून काढून घ्यावयाच्या. परसातला चर उपसून त्याचे तोंड व्हाळापर्यंत मोकळे करावयाचे. शेवटचे काम मुकाट्याने करून टाकावे, कारण चर शेजाऱ्याच्या हद्दीतून जात असेल तर पहिल्या पावसात त्यावरून तंटे उभे राहतात.

कोठाराचा विषय मात्र थोडक्यात आवरण्याजोगा नाही. वर्षाच्या वा ऋतूच्या साठवणीस आपण बेगमी म्हणतो, आणि या शब्दाच्या पोटात फारसीतील गम, म्हणजे चिंता, दडलेली आहे. बेगमी म्हणजे चिंतेचा अभाव. पुरवठ्याला निश्चिंतीचे नाव देणाऱ्या त्या जुन्या माणसांस पावसाळ्याचे चार महिने काय असतात याची पुरती जाणीव होती. मुंबईहून कोकणात येणाऱ्या बोटी मेच्या अखेरीस बंद होत आणि पावसाळा सरेपर्यंत बंदरे ओस पडत. नद्यांवर पूल नव्हते, घाटांच्या वाटा दरडींनी अडत. कोकण रेल्वे अथपासून इतिपर्यंत सुरू झाली ती १९९८ च्या जानेवारीत, म्हणजे कालपरवाच म्हणावयाची. बोटींच्या त्या काळी मृगापूर्वी घरात जे आले, त्यावरच चातुर्मास काढावा लागे.

म्हणून भात कणगीत भरून कणगीचे तोंड शेणाने लिंपीत, बियाण्याची मुडी पेंढ्याने आवळून बांधीत. मासे सुकवून ठेवीत: बोंबील, सुकट, सोडे, मिठात खारविलेले बांगडे. पावसात मासेमारी बंद असते. आजही १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांस आपल्या समुद्रात मनाई आहे, कारण तो माशांच्या प्रजननाचा काळ आणि दर्याही खवळलेला. आमसुले, आगळ, फणसपोळी, आंब्याची साठे, कुळथाचे पीठ, पापड, सांडगी मिरच्या ही यादी प्रत्येक घरागणिक लांबत जाते. फणसाच्या आठळ्या तांबड्या मातीत घोळवून ठेवीत, म्हणजे त्या सुकून कडक होत नाहीत व आषाढात भाजून किंवा भाजीत घालून खाता येतात. मीठ हवेतील ओल ओढून घेते व पाझरते, म्हणून त्याची जागा चुलीच्या उबेत. चुलीवरच्या माळ्यावर कांद्याच्या वेण्या, वालाच्या पिशव्या आणि उद्या-परवा लागणारी लाकडे असत. खालून जाणारा धूर त्यांस कोरडे राखी व किडीस फिरकू देत नसे. उरलेली लाकडे मांगरात, जमिनीपासून हातभर उंच ओंडक्यांवर आणि भिंतीपासून वीतभर सोडून रचावयाची. पुन्हा तेच सूत्र, ओलीला वारा.

गोव्यात या बेगमीला पुरुमेंत म्हणतात. शब्द पोर्तुगीजांकडून आलेला आणि वस्तू अस्सल इथल्या. मडगावास मे महिन्यात पुरुमेंताचे फेस्त भरते, आणि तेथे सुकी मासळी, मिरची, कोकम, भांडी विकत घेणाऱ्या बाया हिंदू किती व ख्रिस्ती किती हे त्यांच्या टोपल्यांतील जिनसांवरून कोणास सांगता येणार नाही.

आता घरे बदलली. कोकणातही कौले उतरून स्लॅब आली, आणि स्लॅबबरोबर अशी समजूत आली की या घराला आगोट नाही. मला या समजुतीची काळजी वाटते. कौलारू छप्पर आपले दुखणे लगेच सांगते. पहिल्याच पावसात ते टपकते आणि पुढच्या उन्हात दुरुस्त होते. स्लॅबमध्ये शिरलेले पाणी बोलत नाही. ते काँक्रीटमधून सावकाश झिरपत लोखंडी सळीपर्यंत जाते; किनाऱ्यावरील खारी हवा त्यास साहाय्य करते; सळी गंजते, आणि गंज मूळ लोखंडाहून कितीतरी अधिक जागा व्यापीत असल्यामुळे सळीभोवतीचे काँक्रीट आतून फुटू लागते. छताची खपली जेव्हा अंथरुणावर पडते, तेव्हा त्या दुखण्यास पुष्कळ वर्षे झालेली असतात.

म्हणून स्लॅबच्या घरासही आगोट पाळावी, आणि ती एप्रिलमध्येच. गच्चीच्या पन्हळींची तोंडे हात घालून साफ करावीत. पानांचा एक गोळा तेथे अडकला की गच्चीचा तलाव होतो. पाण्याचा ओघ पन्हळीकडे आहे की नाही हे बादलीभर पाणी ओतून पाहावे. शंका असल्यास पन्हळींची तोंडे बंद करून गच्चीवर दोन इंच पाणी साठवावे व एक-दोन दिवस खालचे छत तपासावे. गच्चीवर वीटतुकड्यांचा कोबा घालणारे जाणते कारागीरही आपले काम याच रीतीने पारखून देतात. चिरा उन्हात भरून काढाव्यात, कारण ओल्या चिरेत भरलेला माल धरत नाही. भिंतीस बाहेरून कोणता रंग द्यावा याचा विचार करताना चुन्याला अगदीच मोडीत काढू नये. चुन्याची सफेदी भिंतीला श्वास घेऊ देते, तर हवा न जाऊ देणारा तुळतुळीत रंग आतली ओल आतच कोंडून ठेवतो व मग फुगे येऊन सोलपटतो. विजेचा मीटर जेथे आहे त्या भिंतीस ओल येते काय, जमिनीत पुरलेली अर्थिंगची तार गंजून तुटली तर नाही ना, हे वायरमनकडून पाहून घ्यावे. एप्रिलमधले एका तासाचे हे काम पुढे एखाद्याचा जीव वाचविते. आणि पावसाळ्यात उघडीप मिळेल त्या दिवशी घराच्या समोरासमोरच्या खिडक्या सताड उघडाव्यात.

वाऱ्याचे भय अलीकडे वाढले आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात श्रीवर्धनच्या बाजूस किनाऱ्यावर चढले आणि ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्याने घरांची छपरे व नारळी-पोफळीच्या बागा एका दिवसात आडव्या केल्या. पुढच्याच वर्षी मेच्या मध्यास तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा मृगास तीन आठवडे अवकाश होता. शाकारणीची जुनी मुदत आता अपुरी पडते, हा याचा अर्थ. मेच्या पहिल्या पंधरवड्यात काम आटोपलेले बरे. वारा छपरास खाली दाबतो अशी आपली कल्पना असते. पण पाख्यावरून वेगाने जाणारा वारा ते बहुधा वर उचलतो, आणि खिडकीवाटे आत शिरलेला वारा त्यास आतून हातभार लावतो. यासाठी मंगळोरी कौलाच्या पाठीमागे तारेसाठी भोक ठेवलेले असते. सगळी कौले बांधणे जमले नाही तरी वळचणीच्या दोन ओळी, आढ्यालगतची ओळ आणि पाख्याच्या दोन्ही कडा एवढ्या तरी गंज न चढणाऱ्या तारेने रिपांस जखडाव्यात. पत्र्यांच्या छपरास खिळ्यांऐवजी आकड्याचे बोल्ट व रुंद चकत्या वापराव्यात. सागरी वाऱ्याकडील खिडक्यांच्या कड्या कोयंडे घट्ट करून घ्यावेत. वादळाच्या रात्री पहिली कडी तुटली की घर आतून फुगते.

या कामांची माणसे मात्र दुर्मिळ होत चालली आहेत. छपरावर बसत्या अंगाने चालणारे, टकटक करून वाशाचे काळीज ओळखणारे ते गडी म्हातारे झाले, आणि त्यांची मुले मुंबईस किंवा गोव्यास चाकरीस गेली. चार घरांनी मिळून एका होतकरू पोराला तीन-चार हंगाम अशा म्हाताऱ्यासोबत छपरावर चढवावे, त्याच्या रोजीची तजवीज करावी, एवढे तरी प्रत्येक वाडीने करावे असे मला मनापासून वाटते. ती नजर कागदावरून हाती यावयाची नाही. तिला छपरावरचे ऊन लागते.

आजोळच्या घरी पहिला खरा पाऊस बहुधा रात्री येई. आधी दूर समुद्राकडून एक घोष, मग माडांच्या शेंड्यांची सळसळ, आणि मग एकाएकी साऱ्या कौलांवर धारांचा गजर, इतका की शेजारी निजलेल्याशी बोलता येऊ नये. मामा उठत, कंदिलाची वात वर करीत आणि एकेका खोलीत जाऊन जमिनीवर अनवाणी पाय फिरवीत चालत, कारण अंधारात थेंब दिसत नाही पण तळव्यास लागतो. आमच्या सतरा कवडशांतला एकही फसला नव्हता. कोठीच्या खोलीत मात्र, तुळईलगत, जेथे दुपारच्या उन्हाचा किरण पोहोचतच नव्हता, एक थेंब सावकाश पडत होता. त्यांनी त्याखाली तांब्याची घागर सरकवली, चुलीतला विझलेला कोळसा आणला, थेंबाच्या रेषेपासून चढाच्या दिशेने सात रिपा मोजल्या आणि खालच्या भिंतीवर एक फुली काढून तिच्याशेजारी सातचा आकडा घातला. भिजलेल्या कौलावर पाय ठेवता येत नाही. श्रावणात उन्हाची उघडीप मिळेपर्यंत त्या फुलीस थांबावे लागणार होते. घागरीत पडणाऱ्या थेंबाचा आवाज आम्ही अंथरुणातून ऐकत होतो; प्रथम तो पोकळ होता, मग घागर भरू लागली तसतसा वर चढत गेला.